वेदनेचे मोल कोणत्या मापाने?

(द्वितीय वर्ष, कला)

न्यायदान हे शिकल्यासवरल्या माणसांचे काम, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत मात्र शेतकरी, दुकानदार, बसचालक अशा साध्या नागरिकांना ज्यूरी म्हणून बसवतात आणि नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यातही रकमेचा आकडा त्यांनाच ठरवायला लावतात. संघराज्याच्या न्यायालयांत हा हक्क 1791 च्या सातव्या घटनादुरुस्तीने दिला. आपल्याकडे फौजदारी खटल्यांपुरती ज्यूरी होती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. सामान्य माणसाला हे काम झेपत नाही, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही. त्याला झेपते, पण मोजण्याची रीत कोणीतरी नीट सांगायला हवी.

तिथे न्यायाधीश ज्यूरीला काय सांगतात? औषधपाण्याचा खर्च मिळवा, बुडालेली मजुरी मिळवा. इथवर सारे सोपे. मग वेदनेचा प्रश्न येतो. तिला ठराविक माप नाही, पुरावा पाहून, व्यवहारज्ञान वापरून वाजवी रक्कम ठरवा, अशा अर्थाची सूचना बहुतेक ठिकाणी देतात. मनाई मात्र पुष्कळ. प्रत्येकाने आकडा लिहायचा आणि सरासरी येईल ती मान्य, असे आधीच ठरवून निकाल देता येत नाही. 'स्वतःला जखमीच्या जागी ठेवून पाहा', असे वकिलाने ज्यूरीला म्हणायचे नाही. वेदनेचा रोजचा दर मांडायलाही न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1958 साली वकिलांना बंदी केली. काय करू नये हे सविस्तर, आणि काय करावे हे एका वाक्यात!

याचा परिणाम 1994 साली न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की येथे दिसला. मॅकडोनाल्ड्सची गरम कॉफी सांडून 79 वर्षांची एक बाई गंभीर भाजली होती. ज्यूरीने 2 लाख डॉलर भरपाई ठरवली आणि तिची स्वतःची चूक 20 टक्के धरून 1 लाख 60 हजार केली. शिवाय कंपनीला दंड म्हणून 27 लाख डॉलर! हा आकडा आला कुठून? कंपनीच्या सुमारे दोन दिवसांच्या कॉफीविक्रीवरून. ही मोजपट्टी वकिलाने पुढे केली होती. पुढे न्यायाधीशांनी दंड भरपाईच्या तिप्पट, म्हणजे 4 लाख 80 हजारांवर आणला. ज्यूरीला जगाने हसून घेतले. पण माप कोणी दिले नाही, तर पुढ्यात येईल ते माप माणूस उचलणारच.

मी हे पुस्तकी कुतूहलाने लिहीत नाही. मळणी यंत्रात माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. यंत्रमालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी प्रकरण मिटवले. ती माणसे वाईट नव्हती. पण विळा धरता येत नाही त्याचे काय, थंडीत हात ठणकतो त्याचे काय, हे विचारायचे असते, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बिल दिसले म्हणून मोजले गेले. न दिसणारे राहून गेले.

रीत सांगता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. मोटार अपघातातील मृत्यूच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात वयावरून गुणक ठरवून दिले. मृत व्यक्ती विशी-पंचविशीतली असेल तर 18. वय वाढेल तसा तो उतरत जातो. वर्षाच्या मिळकतीतून तिचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि गुणायचे. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईला मी हे सांगितले, तिला ते एका बैठकीत कळले.

वेदनेला असा गुणक लावता येणार नाही, हे मान्य. पण प्रश्न तर ओळीने देता येतील: दुखणे किती दिवस चालले? पुढे राहील का? कोणते काम सुटले? झोप, हिंडणे-फिरणे, लेकराला उचलून घेणे, यांतले काय गेले? प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहावी. तशाच दुखापतींत पूर्वी साधारण किती दिले गेले, तेही न्यायाधीशांनी सांगावे. यामुळे ज्यूरीचे हात बांधले जातील, असे कोणी म्हणेल. पण पायली हाती दिली म्हणून धान्य किती द्यायचे हा अधिकार जात नाही. दिले किती, ते मात्र सर्वांना दिसते.

मित्रहो, उद्या आपल्यातील कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी वकील होईल, कोणी न्यायाधीश. सामान्य माणसाच्या बुद्धीला नावे ठेवण्याआधी, आपण त्याला समजेल अशा भाषेत सांगितले होते का, एवढे तेव्हा प्रत्येकाने स्वतःला विचारावे.