पट काढणारा पैलवान हील हूकमध्ये का अडकतो? लेग लॉकचा विषय समजून घ्या

लातूर-नांदेडकडच्या पोरांना पायाला हात घालायला वेगळं शिकवावं लागत नाही. तालमीत चार महिने गेलेल्या पोरालाही एकेरी पट, दुहेरी पट माहीत असतो. लातूरची सिद्धेश्वर यात्रा असो की माळेगावची खंडोबाची यात्रा, कुस्त्यांचा फड लागला की पट काढणारा गडी दिसणारच. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच लातूर जिल्ह्यातले.

आता याच पोरांच्या मोबाईलवर ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या रील्स येतात. दोघं मॅटवर पडलेत, एकानं दुसऱ्याची टाच काखेत धरली, आणि दोन सेकंदांत दुसऱ्यानं मॅटवर थाप मारून हार मानली. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? हे तर आपल्यालाही जमेल.

पाय धरणं जमेलही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

कुस्तीत पाय धरतात तो समोरच्याला पाडायला. त्याची पाठ टेकली की कुस्ती निकाली. आंतरराष्ट्रीय नियमात तर तळपाय धरायलाही बंदी आहे, वरचा पंजा किंवा टाच तेवढी धरता येते. लातूरचेच काका पवार ज्या ग्रीको-रोमनमध्ये गाजले, त्यात कमरेखाली हातच लावता येत नाही. जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडून लढणं चालतं आणि पाय धरतात तो सांध्यावर ताण देऊन समोरच्याला शरण आणायला. ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही म्हणा. मल्लविद्येचे भीमसेनी, हनुमंती, जरासंधी आणि जांबुवंती असे चार प्रकार सांगतात, त्यातली जांबुवंती म्हणजे जखडून शरण आणणारी कुस्ती. पण आजच्या तालमीत ती शिकवत नाहीत.

लेग लॉकचे ढोबळ तीन प्रकार धरा. सरळ अँकल लॉकमध्ये ताण घोट्यावर येतो. नी-बारमध्ये गुडघा उलट्या दिशेनं सरळ केला जातो. तिसरा हील हूक, आणि सगळी भीती याचीच. यात मांडी दोन पायांच्या विळख्यात अडकवलेली असते आणि टाच वळवली जाते. टाचेबरोबर नडगी फिरते, मांडीचं हाड मात्र जागचं हलत नाही. सगळा पीळ येतो गुडघ्यात. नाव टाचेचं, फाटतात गुडघ्याचे लिगामेंट. त्यात वाईट म्हणजे घोटा दुखतो तसा गुडघा आधी इशारा देईलच असं नाही. दुखलं म्हणेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पैलवानाच्या दोन चांगल्या सवयी इथं उलटतात. पाय सापडला की पाठ टेकू नये म्हणून तो झटक्यानं अंग फिरवतो. हील हूकमध्ये चुकीच्या बाजूला असा झटका दिला, तर समोरच्याला काही करावंच लागत नाही, पीळ आपणच पुरा करतो. दुसरी सवय दुखणं सोसायची. थाप मारून हार मानणं तालमीत शिकवलेलंच नसतं.

मग हे शिकायचंच कशाला? कारण ताकदीचा फरक याच्याइतका क्वचितच दुसरं काही मिटवतं. २०१९ च्या एडीसीसी स्पर्धेत ७७ किलो गटातला ऑस्ट्रेलियाचा लॅकलन जाइल्स खुल्या गटात उतरला आणि त्यानं आपल्यापेक्षा कितीतरी जड तीन खेळाडूंना हील हूकनं हरवून कांस्यपदक घेतलं. जिउ-जित्सू २०१८ पासून आशियाई स्पर्धांतही आहे. आणि एमएमएमध्ये नुसत्या कुस्तीवर भागत नाही. रितू फोगाटसारखी मुरलेली कुस्तीपटू डिसेंबर २०२१ मध्ये स्टॅम्प फेअरटेक्सकडून आर्मबारमध्ये हरली.

शिकायचा क्रम या खेळानं स्वतःच आखून दिलाय. आयबीजेजेएफच्या नियमात १६ वर्षांखालच्यांना एकही लेग लॉक नाही. त्यानंतर पर्पल बेल्टपर्यंत फक्त सरळ अँकल लॉक. नी-बार ब्राउन बेल्टपासून. हील हूकला तर १ जानेवारी २०२१ पर्यंत तिथं पूर्ण बंदीच होती, आता तो ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढांना, तेही विनागी गटात, म्हणजे जाड कुडत्याशिवाय खेळताना चालतो. ज्युदो त्याहून कडक आहे, तिथं सांध्याचे डाव फक्त कोपरावर.

सरावातही आधी शिकवतात ते पायांचा विळखा घालणं आणि त्यातून गुडघा सोडवून घेणं. टाच नंतर. ती सापडली की पिळायची नाही, धरायची आणि थांबायचं. ज्याचा पाय अडकलाय त्यानं दुखायच्या आधी, नुसती पकड बसल्यावरच थाप मारायची. दोघांपैकी एकाला जरी हे माहीत नसेल तर रील बघून तालमीत केलेला प्रयोग महागात पडतो.

मराठवाड्यात तो जास्तच महाग आहे. इथली कितीतरी पोरं सकाळी तालीम करतात आणि संध्याकाळी पोलीस भरतीसाठी पळतात. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना ५० पैकी २० गुण १६०० मीटर धावण्याचे आहेत. गुडघ्याचा लिगामेंट फाटून ऑपरेशन झालं, तर परत जोरात पळायला नऊ महिने ते वर्ष सहज जातं. तोवर ती भरती निघून गेलेली असते, आणि एखाद्याची वयोमर्यादाही.