कोंबडीची जागा, माणसाचे औषध

प्राण्याला नीट हालचालही करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा भारतात गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देणारी हवी, असे हे कलम सांगते. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपयांत आज डझनभर अंडीही येत नाहीत.

देशातली बहुतांश व्यावसायिक अंडी मात्र पिंजऱ्यातूनच येतात. तारेच्या उतरत्या तळाचे पिंजरे एकावर एक रचलेले असतात, प्रत्येकात काही कोंबड्या असतात आणि अंडे घरंगळत पुढच्या पन्हाळीत येते. एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा बहुधा ए-४ आकाराच्या कागदापेक्षा कमी असते. या कागदाचे क्षेत्रफळ भरते सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. 'वाजवी हालचाल' म्हणजे नेमकी किती, हे कायद्याने आकड्यात सांगितले नाही. त्यामुळे तपासायचे काय आणि दंड करायचा कोणाला, हा प्रश्न अनेक दशके तसाच पडून राहिला.

हा विषय निघाला की चर्चा लगेच भूतदयेकडे वळते आणि 'माणसांचेच हाल आहेत, कोंबड्यांचे काय घेऊन बसलात' या वाक्यावर संपते. पण शेडमधल्या गर्दीचा हिशेब शेवटी माणसाच्या औषधाशी येऊन भिडतो. तो संबंध समजून घेतल्याशिवाय या नियमांकडे नीट पाहता येणार नाही.

साडेपाचशेचा आकडा

पाळीव जनावरांना किती जागा हवी, हा प्रश्न कायद्याच्या दारात आणला ब्रिटनने. रूथ हॅरिसन यांच्या 'अ‍ॅनिमल मशीन्स' या १९६४ च्या पुस्तकाने तिथे खळबळ उडाली आणि सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमली. १९६५ च्या अहवालात समितीने अगदी साधी कसोटी ठेवली. जनावराला उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. यातूनच पुढे 'पाच स्वातंत्र्ये' ही कल्पना घडली. भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही ती पाच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात त्यांचा आधार घेतला. शर्यतींबाबत २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, तो मुद्दा वेगळा.

कोंबडीला लागणारी जागा प्रत्यक्ष मोजलीही गेली आहे. ऑक्सफर्डच्या मारियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये कोंबड्यांचे वरून चित्रण करून प्रत्येक हालचालीला किती जागा लागते ते काढले. नुसते उभे राहायला सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर, जागेवर वळायला सुमारे १,२७० आणि पंख फडफडवायला सुमारे १,८७५. ब्रॅम्बेल समितीच्या कसोटीतले 'वळणे' एवढे एकच काम घेतले, तरी कोंबडीला दोन ए-४ कागदांएवढी जागा हवी.

युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढला. २००३ पासून साध्या पिंजऱ्यात दर कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा देणे सक्तीचे झाले आणि २०१२ पासून असे पिंजरेच बंद झाले. त्यानंतर पिंजरा वापरायचाच असेल तर दर कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर जागा, बसायला दांडी आणि अंडे घालायला खुराडे द्यावे लागते.

भारतात विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांसाठी स्वतंत्र नियमांची शिफारस केली. दाटीवाटी आणि प्रतिजैविकांचा वापर यांतला संबंधही आयोगाने दाखवून दिला. २०१९ मध्ये केंद्राने अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातली किमान जागा होती ५५० चौरस सेंटिमीटर. युरोपने संक्रमणकाळापुरता स्वीकारून २०१२ मध्ये मागे टाकलेला आकडा आपल्याकडे सुरुवात म्हणून पुढे आला. आज मिळते त्याहून ही जागा जास्त, म्हणून ती सुधारणाच. पण वळायला लागणाऱ्या जागेच्या निम्म्याहून ती कमीच आहे, हेही तितकेच खरे.

गर्दीवरचा स्वस्त उपाय

कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या गच्च भरलेल्या वॉर्डात जे घडते, तेच शेडमध्ये घडते. अंतर कमी झाले की जंतूंचा प्रवास सोपा होतो. शेडमध्ये त्यात आणखी भर पडते. विष्ठेतून निघणारा अमोनिया श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतो, उष्णतेचा ताण प्रतिकारशक्ती खाली आणतो आणि एकाच जातीचे, एकाच वयाचे हजारो पक्षी जंतूला आयते सापडतात. हा धोका दोन प्रकारे कमी करता येतो. जागा, हवा आणि स्वच्छता वाढवावी, किंवा खाद्या-पाण्यातून थोडे थोडे प्रतिजैविक देत राहावे. पहिल्याला भांडवल लागते, दुसऱ्याला एक पुडी पुरते.

या पुडीचा वापर आपल्याकडे मांसाच्या, म्हणजे ब्रॉयलर कोंबड्यांत अधिक. त्या पिंजऱ्यात नसतात, तुसावर जमिनीवरच वाढतात, पण गर्दी तिथेही असते. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने २०१४ मध्ये राजधानी परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. मात्र मांसातल्या अंशापेक्षा मोठा धोका आहे तो कमी मात्रेला सरावलेल्या जंतूंचा. ते विष्ठेतून, खतातून, सांडपाण्यातून आणि शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांतून बाहेर पडतात.

कोलिस्टिनचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. मूत्रपिंडावर दुष्परिणाम होतात म्हणून डॉक्टरांनी एकेकाळी बाजूला ठेवलेले हे औषध. इतर प्रतिजैविके निकामी होऊ लागली, तसे ते अतिदक्षता विभागात शेवटचा पर्याय म्हणून परत आले. त्याच काळात अनेक देशांत ते जनावरांच्या खाद्यातही मिसळले जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला दाद न देणारे एमसीआर-१ हे जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे जाहीर केले. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. चीनने २०१७ मध्ये खाद्यात कोलिस्टिन मिसळणे थांबवले. त्यानंतर डुकरांमध्ये आणि माणसांमध्येही या प्रतिकाराचे प्रमाण उतरल्याचे २०२० मधील अभ्यासात दिसले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

नुसती बंदी पुरत नाही

मग औषधावर बंदी घातली की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. उत्तर युरोपचा अनुभव वेगळे सांगतो. वाढीसाठी प्रतिजैविके देणे स्वीडनने १९८६ मध्येच थांबवले आणि दोनच वर्षांनी जनावरांच्या निवाऱ्याविषयी कडक कायदाही केला. बालसाहित्यिक अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांनी त्यासाठी वर्तमानपत्रांतून रान उठवले होते. औषध काढले आणि जागाही दिली.

डेन्मार्कने १९९८ ते २००० या काळात ही औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. ब्रॉयलर कोंबड्यांत फारसा फरक पडला नाही. पण आईपासून लवकर तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांत हगवण वाढली आणि तिच्यावर उपचार म्हणून दिली जाणारी प्रतिजैविकेही वाढली. एका दाराने बाहेर गेलेले औषध दुसऱ्या दाराने काही प्रमाणात आत आले. कारण पिल्लू लवकर तोडणे, दाटीने ठेवणे ही आजाराची मुळे जागच्या जागीच होती. युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली आणि २०२२ पासून निकृष्ट व्यवस्था झाकण्यासाठी प्रतिजैविके वापरण्यालाही मनाई केली. औषधाच्या कायद्यात गोठ्याचा आणि शेडचा उल्लेख आला, हा त्यातला महत्त्वाचा बदल.

ब्रॉयलरसाठीच्या २००७ च्या युरोपीय निर्देशात तर जागेचा हक्क कमवावा लागतो. साधारण मर्यादा दर चौरस मीटरला ३३ किलो वजनाच्या कोंबड्यांची. हवा, तापमान, अमोनिया यांच्या अटी पाळल्या तर ३९ किलो. सलग सात खेपांत मरतूक ठरावीक प्रमाणापेक्षा कमी राहिल्याचे दाखवले तरच ४२ किलो. कत्तलखान्यात मृत्यूचे प्रमाण आणि आजाराच्या खुणा तपासल्या जातात. म्हणजे मालकाच्या शब्दावर न थांबता कोंबडीच्या शरीरावरूनच शेडची परीक्षा होते.

पिंजऱ्याबाहेरचे प्रश्न

पिंजरा काढला की सगळे आलबेल होते, असे मात्र नाही. जमिनीवर ठेवलेल्या कोंबड्यांचा विष्ठेशी संबंध वाढतो, त्यामुळे जंत आणि कॉक्सिडियाचा त्रास वाढू शकतो. मोठ्या कळपात एकमेकींची पिसे उपटणे सुरू होते. पिंजऱ्यातल्या कोंबडीची हाडे व्यायामाअभावी ठिसूळ होतात, कारण एका अंड्याच्या कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते आणि ते काही अंशी हाडांतून येते. पण बहुमजली मोकळ्या शेडमध्ये उड्या मारताना छातीचे हाड मोडण्याचे प्रकारही बरेच आढळतात. साल्मोनेलाच्या बाबतीत युरोपातील पाहणीत पिंजऱ्यांच्या फार्मवर प्रादुर्भाव जास्त दिसला, तरी त्यात कळपाचा मोठा आकार हेही कारण मिसळलेले होते. याउलट, अंडी पुन्हा वाढावीत म्हणून कोंबड्यांना काही दिवस उपाशी ठेवून पिसे झडायला लावण्याच्या पद्धतीने साल्मोनेलाचा संसर्ग वाढतो, हे प्रयोगांत स्पष्ट झाले आहे. इथे क्रूरता आणि रोग एकाच कृतीत आहेत.

बर्ड फ्लूचा विषय आणखी गुंतागुंतीचा. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. मोकळ्या कोंबड्यांना रानपक्ष्यांकडून लागण होण्याची शक्यता अधिक, हे खरेच. पण विषाणू एकदा आत शिरला की दाटीच्या शेडमध्ये आणि एकमेकींना लागून असलेल्या फार्ममध्ये तो वणव्यासारखा पसरतो. त्यामुळे पिंजऱ्यातल्या जागेबरोबरच दोन शेडमधले आणि दोन फार्ममधले अंतर हाही नियमाचा भाग हवा.

भार कोणावर?

या साऱ्यात सर्वांत अवघड प्रश्न भावाचा आहे. अंडे हे गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त उत्तम प्रथिन. क्षयाच्या रुग्णाला, कुपोषित मुलाला, बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात 'अंडी खा' असे सांगितले जाते, ते या भरवशावरच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला १८० अंडी हवीत. २०२३-२४ मध्ये देशात दरडोई उपलब्धता होती १०३. जागा वाढली की त्याच शेडमध्ये कमी कोंबड्या मावतील, अंडे महागेल आणि त्याची पहिली झळ याच घरांना बसेल. कर्ज काढून शेड उभारलेल्या शेतकऱ्यालाही एका आदेशाने पिंजरे मोडायला लावता येणार नाही.

युरोपने संक्रमणाला बारा वर्षे दिली, ती याच कारणासाठी. तरीही वाट सरळ राहिली नाही. सगळे पिंजरे संपवा, अशी मागणी करणाऱ्या सुमारे १४ लाख सह्या जमल्यावर युरोपीय आयोगाने २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा प्रस्ताव आणण्याचे वचन दिले. ती मुदत उलटून गेली, प्रस्ताव आला नाही. श्रीमंत देशांनाही हा खर्च पेलताना धाप लागते.

पण स्वस्त अंड्याच्या हिशेबात एक खर्च कधीच धरला जात नाही. औषधांना न जुमानणारा जंतुसंसर्ग झालेला रुग्ण जास्त दिवस खाटेवर राहतो, त्याला महागडी आणि अधिक विषारी औषधे द्यावी लागतात आणि कधी कधी तीही चालत नाहीत. हे बिल पोल्ट्रीच्या वहीत लिहिले जात नाही. ते रुग्णाच्या घरावर आणि सरकारी रुग्णालयावर येते. मानवी रुग्णालयांतला प्रतिजैविकांचा बेसुमार वापर या संकटाला मोठ्या प्रमाणात जबाबदार आहेच. म्हणून दुसरे दार उघडे ठेवावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आपल्याकडच्या नियमांची दिशा त्यामुळे तीन गोष्टींवरून तपासता येईल. पहिली, जागेचा आकडा पुढे कधी आणि कितीपर्यंत वाढणार, याचे वेळापत्रक आहे का आणि त्यासाठी शेतकऱ्याला कर्जाची, अनुदानाची साथ आहे का. दुसरी, प्रत्येक फार्मवर मरतूक आणि वापरलेली प्रतिजैविके यांची नोंद एकाच वहीत होते का आणि ती वही पशुवैद्यकीय अधिकारी वेळोवेळी उघडतो का. तिसरी, नियम मोडणाऱ्याला होणारी शिक्षा अंड्यांच्या एका ट्रेपेक्षा महाग आहे का. शेडमधल्या नोंदी आणि रुग्णालयातले जंतूंचे अहवाल आज दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत असतात. ते शेजारी शेजारी ठेवून वाचणे, हे काम नवा कायदा येण्याची वाट न पाहताही सुरू करता येण्याजोगे आहे.