एलिझा नेल्सन ते वैष्णवी फाळके

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिलांची हॉकी पहिल्यांदाच खेळवली गेली आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, अर्जुन पुरस्कारही त्यांच्या नावावर आहे. तरीही १९८२ च्या दिल्लीतली हॉकी म्हटली की आजही लोकांना आठवतो तो पुरुषांचा अंतिम सामना, पाकिस्तानकडून झालेला १-७ असा पराभव. एका राष्ट्राने त्याच स्पर्धेतला पराभव जपून ठेवला आणि सुवर्णपदक विसरून टाकले. हे केवळ विस्मरण आहे असे मला वाटत नाही. महिला हॉकीपटूची कारकीर्द कशाने मोजायची याचे मापच आपल्याकडे चुकलेले आहे.

आपले माप एकच आहे, ऑलिम्पिक. पण ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ साली आली आणि महिलांची १९८० साली, म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी. मॉस्कोच्या त्या पहिल्या स्पर्धेत भारतीय महिला चौथ्या आल्या, एलिझा नेल्सन त्या संघातही होत्या. त्यानंतर थेट २०१६ च्या रिओपर्यंत भारतीय महिला संघ ऑलिम्पिकला पात्रच ठरला नाही. मध्ये ३६ वर्षे गेली. १९८५ च्या सुमारास हाती स्टिक घेऊन २०१० च्या आसपास निवृत्त झालेल्या खेळाडूने ऑलिम्पिकचे मैदान पाहिलेच नाही, मग ती कितीही चांगली असो. या पिढ्यांच्या पदरी आपण काय टाकणार, शून्य? वंदना कटारिया २००९ ते २०२५ खेळली, ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळली, टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले, आणि ऑलिम्पिक पदकाविना ती निवृत्त झाली. माझे म्हणणे असे की पदकांची यादी बाजूला ठेवून आधी विचारायला हवे ते हे: ही मुलगी किती वर्षे खेळात टिकली, आणि कोणाच्या आधारावर टिकली?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रेल्वे असे येते. एलिझा नेल्सन रेल्वेत होत्या, आणि त्यांच्यानंतरच्या कित्येक पिढ्यांना रेल्वेच्या पगाराने मैदानावर ठेवले. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे वरचढ राहिला, कारण वयाच्या विशी-बाविशीत, जेव्हा घरातून लग्नाचा किंवा कमाईचा विषय निघतो, तेव्हा रेल्वेने या मुलींना दोन्हींपैकी एका प्रश्नाचे तरी उत्तर दिले. पण नोकरीच्या आधीही आधार लागतो. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत हॉकीचे केंद्र पुण्या-मुंबईतून सरकून सातारा जिल्ह्यात गेले आहे. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणि रांचीला आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघात होती. त्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे आणि साताऱ्याचीच ऋतुजा पिसाळ, दोघी जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या हॉकी-फाइव्हज विश्वचषकात उपविजेत्या संघात होत्या. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध भारताने केलेल्या दोन गोलांपैकी एक ऋतुजाचा. एकाच भागातून तीन आंतरराष्ट्रीय खेळाडू योगायोगाने येत नाहीत. गावाजवळ हॉकी शिकवणारे कोणी असावे लागते, मग पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीसारखी निवासी सोय लागते, आणि टर्फ लागते. मातीवर चेंडू उसळतो, टर्फवर तो सपाट आणि वेगात येतो. तो थांबवायची सवय हाताला लहानपणीच लागली नाही तर पुढे फार उशीर होतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो निकालांचा. जनतेच्या पैशातून खेळाडू घडवायचे तर पदक मागायला नको का? मागावेच. पण पदक येते कुठून तेही पाहावे. टोकियोत पहिले तीन सामने हरलेल्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवले आणि शेवटी चौथा क्रमांक मिळवला. त्या संघाची कर्णधार राणी रामपाल १४ व्या वर्षापासून भारतासाठी खेळत होती. दहा-बारा वर्षे टिकलेले खेळाडू हाताशी असल्याशिवाय असा संघ उभा राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये रांचीच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत जर्मनीविरुद्ध शूटआउट आणि जपानविरुद्ध एक गोल, एवढ्याने पॅरिसची संधी गेली. त्या आठवड्याने या मुलींची आधीची वर्षे खोटी ठरत नाहीत.

दुसरा आक्षेप आमच्या नाशिकमध्ये हमखास ऐकू येईल. हॉकी आपली नाही, आपल्याकडे धावपटू होतात. शिवाय नोकरी मिळाली की खेळाडू सुस्तावतात. यातला पहिला भाग मी मान्य करते, पण त्याचे कारण आपल्या रक्तात नाही. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य जिंकली, ते प्रशिक्षक विजेंदर सिंग या शहरात वर्षानुवर्षे पाय रोवून शिकवत राहिले म्हणून. असा माणूस हॉकीला मिळाला तर त्र्यंबक-हरसूलच्या त्याच काटक मुली स्टिकही धरतील. दुसऱ्या भागाला उत्तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीने दिले आहे. त्या गावचा दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाला आणि नौकानयन तिथे शिकला. नोकरी आधी आली, खेळ नंतर, आणि मग रिओ ऑलिम्पिक व २०१८ चे आशियाई सुवर्ण. सैन्याची ती वाट त्या काळात गावच्या मुलीला अशी मोकळी नव्हती. तिच्यासाठी राज्याच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कविता राऊतसारख्या खेळाडूलाही राज्याच्या नोकरीसाठी जाहीरपणे दाद मागावी लागली. जिथे तिचे असे होते, तिथे राष्ट्रीय स्पर्धा खेळून परतलेल्या, अजून भारताची जर्सी न मिळालेल्या वीस वर्षांच्या हॉकीपटूने कोणाच्या भरवशावर आणखी तीन वर्षे थांबावे? पात्रतेचा दाखला हाती आल्यापासून नेमणुकीचे पत्र मिळेपर्यंत किती महिने लागावेत याची मुदत शासनाने ठरवावी आणि ती पाळली जाते का हे दर वर्षी जाहीर करावे, एवढी मागणी नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात लावून धरायला हवी.