पन्हळ पाहिलीत का?
मृगाआधी कोकणात घराची शाकारणी होते, पन्हळ मात्र बघायची राहते. 100 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10 हजार लिटर पाणी त्या अरुंद पन्हळीतून जायला हवं. फणसाची चार पानं नळाच्या तोंडाशी बसली, की ते मागे उलटतं, वाशांत मुरतं, भिंतीचा माथा भिजवतं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं 3 जून 2020 ला, मृगाच्याही आधी. म्हणून पन्हळ साफ करायला मेअखेर मला उशिराचीच वाटते. शिवाय प्रत्येक वादळ नवा पाला आणतं. तेव्हा उघडीप बघून, शिडी धरायला कुणाला तरी उभं करून पन्हळ पुन्हा साफ करा आणि कळशीभर पाणी ओतून ते सरळ खाली जातंय ना, पाहा.