वाया गेलेला पाव

फ्रेंच टोस्टला ताजा ब्रेड लागतो, हा गैरसमज. ताजा ब्रेड दूध प्यायला की त्याचा लगदा होतो. काल-परवाचा, जरा वाळलेला हवा. फ्रान्समध्ये तर या पदार्थाचं नावच ‘पें पेर्दू’, म्हणजे वाया गेलेला पाव. पोरांसाठी त्याच्या कांड्या करायच्या तर स्लाइस जाडच घ्यावी. पातळ सँडविच ब्रेडची कांडी उचलताच मान टाकते. एका स्लाइसच्या तीन पट्ट्या. चार स्लाइसना दोन अंडी, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ आणि दालचिनी. आमच्याकडे मात्र वेलची, कारण अंड्याचा वास तीच झाकते. साखरेचा हात सैल सुटला की आतून शिजायच्या आधी बाहेरून करपतं, हे मी तवा घासत शिकले. पट्टी बुडवायची, उलटायची, निथळू द्यायची आणि लोणी फेसाळलं की मंद आचेवर चारही बाजूंनी लालसर करायची. हो, चारही, कडा ओलसर राहिल्या तर पोरं पहिल्या घासाला ओळखतात. मेपल सिरपसाठी कशाला अडून बसायचं? मधोमध काकवीची वाटी ठेवली, तर ताटलीतल्या बारा कांड्या मोजायलाही कुणी थांबत नाही.