मी मोती, साखळीच्या या टोकाचा

वाचकहो, शाळेत असताना 'मी कुत्रा बोलतोय' हा निबंध तुम्ही एकदा तरी लिहिला असेल. त्या निबंधातला कुत्रा इमानी असतो, रात्री चोर पकडतो आणि वहीचे पान संपत आले की मालकासाठी प्राण देऊन मोकळा होतो. माझी हकीकत इतकी सुबक नाही. मी अजून एकही चोर पकडलेला नाही. मी शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला चावलो आहे. तेव्हा काय ते आधीच सांगून टाकलेले बरे.

नाव मोती, जात गावठी, रंग भुरका, मुक्काम गोंदिया, रेल्वेलाइनीपासून हाकेच्या अंतरावर. आता कुत्र्याला सनसनावळ्या आणि कायदेकानू कुठून कळले, असे विचाराल. तर आमचे आजोबा निवृत्त मास्तर आहेत. सकाळी ओसरीवर बसून पेपर मोठ्याने वाचायची त्यांना सवय, आणि घरात त्यांचे शेवटपर्यंत ऐकून घेणारा मी एकटाच. (आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण पत्ता सांगताना आजोबांच्या तोंडून अजूनही 'भंडारा जिल्हा' निघतो आणि मग ते स्वतःच जीभ चावतात. लागलेली सवय मोडणे किती कठीण, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक आहे.)

माझा जन्म एका राईस मिलच्या आवारातला, कोंड्याच्या ढिगाआडचा. दिवस दिवाळीनंतरचे. गावठी कुत्र्यांत पिल्ले बहुधा हिवाळ्याच्या तोंडालाच होतात. नवा धान मिलवर यायला लागलेला, ट्रक-ट्रॅक्टरची रीघ. घरचे कर्ते, ज्यांना सगळी मिल 'भाऊ' म्हणते, ते तिथे मुनीम आहेत. त्यांनी मला चौथ्या आठवड्यातच उचलले, रिकाम्या बारदान्यात गुंडाळले आणि घरी आणले. ट्रकच्या चाकाखाली जाण्यापेक्षा घर बरे, हा हेतू. हेतूला माझे काही म्हणणे नाही. पण पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिले पाहिजे. भावंडांशी झोंबताना दात जरा जास्त लागला की समोरचा कळवळून ओरडतो आणि खेळ मोडून निघून जातो. दात कुठे, किती लावायचा, हा आमच्या शाळेतला पहिला धडा. माझा तो वर्गच बुडाला.

दुसरा वर्ग त्याहून महत्त्वाचा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन ओल्या मातीसारखे असते. त्या काळात जे दिसेल, ऐकू येईल, हुंगायला मिळेल ते 'आपले'. नंतर जे येईल त्याची आधी भीती. १९६१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी काही पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा सहवासच मिळू दिला नाही. ती पिल्ले पुढे माणसाजवळ येईचनात. मला माणसे मिळाली, पण मोजून पाच, आणि तीही एकाच घरातली. कुणीतरी भाऊंना सांगितले होते, 'लसी पूर्ण होईपर्यंत याला बाहेर काढू नका.' सल्ला अर्धाच खरा होता. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग पिल्लांचे काळच आहेत. सहा-आठ आठवड्यांपासून पुढे चार महिन्यांपर्यंत लसीचे डोस द्यावे लागतात, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस. तोवर रस्त्यावरच्या घाणीत पिल्लाला सोडू नये, हे बरोबर. पण कडेवर घ्यायला कोण नको म्हणतो? कडेवरून फाटकाची घंटा ऐकवता येते, मालगाडी दाखवता येते, छत्रीवाला, हेल्मेटवाला, काठी टेकत येणारा म्हातारा, गणवेशातली पोरे, कपाळभर मळवट भरलेला देवीचा भगत, सगळे दुरून दाखवता येते. मी ते सारे पाहिले चार महिन्यांनंतर, अंगणातल्या पेरूच्या झाडाला साखळीने बांधलेला असताना.

साखळीविषयी थोडे जास्त बोलतो, कारण तिचे एक टोक तुमच्या हाती असते आणि दुसऱ्या टोकाचे अनुभव फक्त माझ्यापाशी. भीती वाटली की कोणताही प्राणी आधी पळतो. पळता आले नाही तर मग अंगावर जातो. साखळी यातला पहिला रस्ताच काढून घेते. तुम्ही म्हणता, 'बांधला म्हणून तिखट झाला, राखणीला चांगला.' तिखट नाही हो, घाबरट झाला! १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने फार वेळ बांधणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे, हे त्यात गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजोबांनी हे वाचले तेव्हा भाऊ हसून म्हणाले, 'साखळीच त्याच्यापेक्षा महाग पडली बाबा!'

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्रॅडोर होता. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी त्याने दडवलेली स्फोटके हुंगून काढली आणि किती जीव वाचवले याची गणती नाही. नाव झंजीर, पण त्याला घडवले ते शिकवणीने. आमच्या घरी शिकवणीचा प्रकार वेगळा होता. पेपराची गुंडाळी. ओसरीवर मुतलो की गुंडाळी, चप्पल पळवली की गुंडाळी. (या पुरवणीचाही तो उपयोग होतो, संपादकांना कळलेले बरे.) फटका बसला की मला एवढेच कळायचे, की या हातापासून लांब राहावे. कशाबद्दल बसला, ते कळत नसे, कारण मुतून दहा मिनिटे झालेली असायची. एखाद्या गोष्टीचा आणि तिच्या फळाचा संबंध आमच्या डोक्यात काही क्षणांतच जुळतो. उशीर झाला की हुकला.

आणि सर्वांत मोठी चूक गुरगुरण्याबद्दलची. मी गुरगुरलो की भाऊ खेकसत, 'गुरगुरतो काहून बे!' आणि एक ठेवून देत. गुरगुरणे म्हणजे आमच्या भाषेत 'जरा थांबा, मला भीती वाटते.' त्याच्या आधीही मी पुष्कळ सांगत असतो. तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. शेपूट हलते म्हणजे खुशीच, असेही नाही. ताठ, उंच धरलेली शेपूट हलली तर दोन पावले मागे सरावे. हे कुणी वाचले नाही. शेवटी गुरगुरून सांगितले तर मार. मग मी गुरगुरणे सोडून दिले. घरात सगळ्यांना वाटले, मोती सुधारला.

मी दीड वर्षाचा असताना, भर दुपारी, शेजारच्या पोराचा चेंडू पेरूच्या झाडाखाली आला. तो कुंपण ओलांडून आत आला, हातात बॅट. 'मोती, मोती,' करत माझ्या डोक्यावरून हात फिरवायला वाकला. मी जांभई दिली. तोंड फिरवले. मागे सरलो तो साखळी संपली. पुढचे मला नीटसे आठवत नाही. त्याच्या मनगटावर चार दातांच्या खुणा होत्या.

काकू हळद घेऊन धावत आल्या. आजोबांनी पोराला आधी नळाखाली नेले आणि साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटे जखम धुतली. हळद, तिखट, चुना, काहीही लावू दिले नाही. मग सरकारी दवाखान्यात लस. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच इतिहासजमा झाली आहेत, आता दंडात थोडक्यात काम होते. पण ते वेळेवर आणि पूर्ण घ्यावे लागते, कारण रेबीज एकदा दिसू लागला की माणूस हाती लागत नाही. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे आपल्या देशातली आहेत. माझी लस झालेली होती, तरी पोराची लस टळली नाही आणि टाळूही नये.

संध्याकाळी भाऊ म्हणाले, 'बाबा, आता नाही ठेवत मी याले. उद्या नागझिऱ्याच्या रस्त्यानं नेऊन सोडतो.'

आजोबा चष्मा पुसत म्हणाले, 'सोडजो. पण दहा दिवसांनंतर.'

ही दहा दिवसांची मुदत आजोबांच्या मनाची नव्हती. चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते. तेवढ्यात ते धडधाकट राहिले तर चावले तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे धरता येते. कुत्रे सोडून दिले की हा पुरावाही गेला. शिवाय नागझिऱ्याला सोडायचे म्हणजे काय? नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथले रानकुत्रे प्रसिद्ध आहेत, आमचे लांबचे चुलते म्हणा ना! आमच्यासारखे गावातले कुत्रे रानात शिरले की आमचे रोग घेऊनच शिरतात. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले त्यामागे डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. एकतर मी रानाला रोग द्यायचा, नाहीतर बिबट्याने मला उचलायचे. जंगलालगतच्या गावांत ओसरीवर बांधलेली कुत्रीही तो सोडत नाही. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणे, हादेखील त्याच १९६० च्या कायद्यात गुन्हाच. २०२५ साली भटक्या कुत्र्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले, तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजूंनी खूप आरडाओरड झाली. रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी कोणकोण एके काळी कुणाच्या ओसरीवर होते, हे मात्र कुणी विचारले नाही.

त्या दहा दिवसांत आजोबांनी काय केले? काही नाही. पेरूच्या झाडापासून लांब, साखळी पोचणार नाही तिथे खुर्ची टाकली आणि पेपर वाचत बसले. खिशात मुरमुरे. रस्त्याने कुणी गेले आणि मी भुंकलो नाही की एक मूठ माझ्याकडे. तिसऱ्या दिवसापासून रस्त्याने कुणी आले की मी आजोबांच्या खिशाकडे बघू लागलो. गुरांच्या डॉक्टरांनी ते पाहिले आणि म्हणाले, 'मास्तर, हेच करत राहा. अंतर हळूहळू कमी करा. आणि याची नसबंदीही उरकून घ्या.' अकराव्या दिवशी मला कुणी सोडायला नेले नाही. त्याविषयी घरात बोलणेही निघाले नाही. भाऊंनी साखळी काढून एका लांब दोरीवर मला फिरायला नेले, तेव्हा मी समजलो.

मग खरी शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी कळले की अडाणी मी नव्हतो. आजी म्हणे 'बस रे बाबू', भाऊ 'सिट', ताई 'बैस ना शोन्या', आणि छोटू 'ए, बस बे!' त्यातून गोंदियाची बोली. इथे हिंदी-मराठीला कुंपण नाही. आजी भात वाढताना विचारते, 'बस?' भाऊ म्हणतात, 'बस, बस.' इकडे मी दोनदा बसलो. ताई कॉलेजला निघताना ओरडते, 'माझी बस गेली!' मी पुन्हा बसलो. शेवटी आजोबांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवले: बसायला 'बैस', थांबायला 'थांब', सोडायला 'सोड'. सगळ्यांनी तेच म्हणायचे. भाऊंना हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले. मला चार दिवस.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. बैस म्हटले, बसलो, लगेच मुरमुरे. अवघड कामाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा. उडी मारली की सगळे पाठ फिरवत, मारत नसत. त्यातला शिष्टाचार मला लवकर कळला. रेल्वेफाटकाशी आम्ही महिनाभर जात होतो, पहिल्या दिवशी इतके लांब की मालगाडी खेळण्यातल्यासारखी दिसे. तुम्हाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मला त्याच्या दुपटीपलीकडचे. तेव्हा दिवाळीत मी कपाटामागे का दडतो, याचे हसू नका करू. तिथे माझी जुनी गोधडी टाकून ठेवतात, खिडक्या लावतात, आजी रेडिओ मोठा करते. एवढ्याने ती रात्र निघून जाते. फटाक्यांची भीती अजून गेलेली नाही. चार वर्षांचा झालो. चौदा आठवड्यांत जे हुकले ते सगळे भरून निघत नाही, आणि तसे खोटे सांगणारही नाही.

पाहुणे आले की मी आतल्या खोलीत असतो. येणाऱ्यांना आजोबांचे एकच सांगणे: त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, त्यालाच येऊ द्या. निम्मे लोक ऐकतात. उरलेले 'आम्हाला कुत्र्यांची सवय आहे' म्हणत डोक्यावर हात ठेवायला वाकतात. ते आले की मी अजूनही जांभई देतो. आता ती वाचणारे कुणीतरी घरात असते.

शेजारचा तो मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. मनगटावरची खूण फिकी झाली आहे. अंगणात तो अजून येत नाही, आणि त्याने यावे असा कुणी आग्रहही धरत नाही. या मंडईच्या सुट्टीत तो कुंपणापलीकडे उभा राहून आजोबांशी बोलत होता. आजोबांनी त्याच्या हातावर मुरमुरे ठेवले. त्याने माझ्याकडे न बघता मूठ फेकली. बरेचसे कुंपणातच अडकले. आठ-दहा अलीकडे पडले. तो घरात जाईपर्यंत मी 'थांब' मध्ये बसून राहिलो, मग उठून ते वेचून खाल्ले.