‘टोटल लॉस’ म्हणजे मेलेली गाडी नव्हे!

हॉस्टेलवर कुणाचे चार विषय राहिले की आपण लगेच म्हणतो, ‘गेला रे, टोटल लॉस!’ पण मित्रांनो, चार विषय राहिलेला पोरगा पुढच्या वर्षी पास होतोच ना? गाडीचंही तसंच आहे. ‘टोटल लॉस’ हा शब्द इंजिनियरचा नाही, हिशोब करणाऱ्याचा आहे, एवढंच मला इथे सांगायचंय.

हिशोब सोपा आहे. इन्शुरन्सच्या पॉलिसीत गाडीची एक किंमत धरलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. त्या मॉडेलच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की साधारणपणे गाडी टोटल लॉस धरतात. आता समजा, मॉडेल सहा लाखांचं आहे आणि दुरुस्ती अडीच लाखांची. नव्या गाडीची आयडीव्ही ५ लाख ७० हजार, म्हणून ती गॅरेजमध्ये जाते. साडेचार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही ३ लाख, मर्यादा सव्वादोन लाख, म्हणून ती भंगारात! धक्का तोच, पत्रा तेवढाच वाकलेला, पण एक जिवंत आणि एक मेलेली.

मग असे सांगाडे विकले जातात. कुणीतरी ते घेतो, जुने पार्ट आणि स्वस्त मजुरी वापरून गाडी पुन्हा उभी करतो. काही जण याला सरसकट फसवणूक म्हणतात. मला ते पटत नाही. जी गाडी नीट होऊ शकते ती वितळवायची कशाला? आपल्याकडचे मिस्त्री हे काम करू शकतात, आणि त्यावर त्यांची घरं चालतात.

प्रश्न दुरुस्तीचा नाहीच. प्रश्न आहे, काय मोडलं होतं आणि ते कसं जोडलं. दरवाजा, बंपर, बॉनेट बदलता येतात. पण आजच्या बहुतेक कारना वेगळी चॅसी नसते, बॉडी हीच चॅसी. धडक झाल्यावर पुढचा भाग चेपून जोर खातो, म्हणून आतला माणूस वाचतो. ही बॉडी वाकली असेल तर ती जिगवर चढवून मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. पिलरमध्ये हाय-स्ट्रेंग्थ स्टील असतं. त्याला गॅसने लाल करून सरळ केलं की त्याची ताकद जाते. मटेरियल सायन्सच्या प्रॅक्टिकलला आपण हेच तर शिकतो! वरून पुट्टी-पेंट मारला की कुणाला काही दिसत नाही. काही महाभाग फुटलेली एअरबॅग न बदलता सर्किटमध्ये रेझिस्टर लावतात आणि डॅशबोर्डवरचा दिवा गप्प करतात. हा खून करण्याचा प्रयत्न नाही तर काय?

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकाचक होते, पण वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू चढत राहतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं. पण दुरुस्त होऊन परत आलेल्या गाडीचं काय? खासगी कारला पहिली १५ वर्षं फिटनेस तपासणी लागत नाही. आरसी बुकात अपघाताचा रकाना नाही. म्हणजे घेणाऱ्याला कळायला मार्गच नाही! काही टोळ्या तर सांगाडा फक्त कागदांसाठी घेतात आणि त्याचा चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकतात. अशा टोळ्या पोलिसांनी पकडल्याही आहेत.

ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे ए, बी, एस, एन असे चार वर्ग आहेत. ‘ए’ पूर्ण चिरडायची. ‘बी’ची बॉडी चिरडायची, पार्ट वापरायचे. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा, ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. या दोन्ही दुरुस्त करून रस्त्यावर येऊ शकतात. ऑक्टोबर २०१७ पासूनचे हे वर्ग खर्च किती यापेक्षा इजा कुठे झाली यावर ठरतात. मुद्दा नेमका हाच आहे!

आपल्याकडेही आरसीवर ‘टोटल लॉस, दुरुस्त’ असा शेरा हवा, आणि त्याआधी बॉडीची मोजणी, एअरबॅग व ब्रेकची तपासणी सक्तीची हवी. शेऱ्यामुळे किंमत पडेल, हे खरं. पण आज चांगलं काम करणारा मिस्त्री आणि पुट्टी थापणारा, दोघांच्या गाड्या एकाच भावात विकल्या जातात, हा अन्याय नाही का?

उद्या पहिला पगार झाला की आपल्यातले निम्मे सेकंड हँड गाडी बघायला जाणार. तेव्हा नुसता रंग आणि किलोमीटर बघू नका. जुन्या क्लेमची चौकशी करा, गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा, दुरुस्तीची बिलं आणि फोटो मागा. आणि आपल्यातलाच कुणी सर्व्हेअर झाला, तर सही करण्याआधी एकच विचार करा : या गाडीत मी माझ्या आईला बसवीन का?